सव्वा महिन्याचं दूध

"बाई, आजपासून सव्वा महिना दूध न्हाई," चतुराबाईनं फाटकातच सांगून टाकलं होतं. "दोन शेरडं गाभडली. तिसरीचं बी लक्षण नीट दिसंना. लेकराला दुसरं कायबी पाजा, पर आमच्या वाड्यावरचं नको."

अपर्णाच्या हातात विसळून आणलेलं फुलपात्र होतं. ते तिनं ओढणीआड घेतलं आणि मनात म्हणाली, आलं का! शेळी गाभडली, पोटातलं करडू पडलं, म्हणून विटाळ, विटाळ म्हणून सव्वा महिना. एकोणीसशे नव्व्याण्णव साल चाललंय, समोरच्या माळावर काचेची कंपनी उभी राहतेय, आणि हिचा आपला सव्वा महिना. वरवर मात्र ती एवढंच म्हणाली, "बरं."

तिच्या 'बरं'चा अर्थ बरं असा कधीच नसायचा, हे चतुराबाईला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

अपर्णाचा स्वभाव पहिल्यापासूनच संशयी. पुण्याहून लग्न होऊन हैदराबादेत आली तेव्हा रिक्षात बसल्या बसल्या तिनं नवऱ्याला विचारलं होतं, "हा नक्की आपल्याच घराकडे नेतोय ना?" केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली, त्यामुळे संशयाला शास्त्राचा आधार. पाणी घड्याळ लावून वीस मिनिटं उकळायची. तुरीची डाळ हातावर चोळून रंग उतरतो का बघायची. केतकी झाल्यापासून तर या स्वभावाला पूर्णवेळ नोकरीच लागली. श्रीकांत, तिचा नवरा, दोन हजार साल उजाडताच जगातले कॉम्प्युटर गोंधळू नयेत म्हणून ते आधीच दुरुस्त करून ठेवणाऱ्या कंपनीत होता. तो म्हणायचा, "अपर्णा, तुला आमच्याकडे लावून घेतो. चूक नसली तरी तू शोधून काढशील."

तर अशी ही बाई शेळीच्या दुधाकडे कशी वळली? केतकीला पिशवीचं दूध सोसेना. तेरा महिन्यांची पोर, दिवसाला सहा-सात वेळा जुलाब. पुण्याहून सासूबाईंचं पत्र आलं : 'शेळीचं दूध सुरू करा. तेही धारोष्ण. श्रीकांतला मी त्यावरच वाढवला. तापवलं की दुधातला जीव गेला म्हणून समज.' सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या अपर्णानं या ओळीवर मात्र घेतला नाही. पत्र घरचं होतं ना.

आणि शेळ्या तर गॅलरीतून दिसतच होत्या. त्यांची कॉलनी मियापूरच्या पुढे, नवीकोरी, रस्त्याला अजून डांबर नव्हतं. मागे एक आटलेला तलाव. त्या तलावाच्या पोटात देगलूरकडच्या धनगरांचा वाडा उतरला होता. वाडा म्हणजे घर नव्हे, मेंढरांचा तळ. वाघरीचं जाळं लावून आत शंभर-सव्वाशे मेंढ्या, दुधापुरत्या पंधरा शेळ्या, दोन घोडी, एक पिवळं कुत्रं आणि तीन माणसं : चतुराबाई, तिचा मुलगा उमाजी, आणि गेल्याच वर्षी लग्न होऊन आलेली सून भामा. पूर्वी दिवाळी झाली की हे लोक इकडे उतरायचे. इथले शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घ्यायचे, खत मिळायचं म्हणून पाहुण्यासारखं बोलवायचे. आता रानांचे प्लॉट झाले होते. प्लॉटवाल्याला खत कशाला हवंय?

पहिल्यांदा गॅलरीखालून "ए भामे, ती बांडी शेळी कुठं उलथली बघ!" असं खणखणीत मराठी ऐकलं, तेव्हा अपर्णाच्या डोळ्यांत पाणीच आलं होतं. परमुलखात आपली भाषा! लगेच दुसरा विचार आला : मुद्दाम आपल्याला ऐकू जावं म्हणून तर नसेल ओरडली?

पण दूध सुरू झालं. फेब्रुवारीपासून रोज सकाळी चतुराबाई एक शेळी घेऊन फाटकाशी यायची आणि फुलपात्रातच धार काढायची. केतकी ते फेसाळ, कोमट दूध गटागटा प्यायची. आठवड्यात जुलाब थांबले. महिन्यात गाल आले. शेळीच्या कासेवर अपर्णाचं बारीक लक्ष असायचं. धार काढण्याआधी ती स्वतः उकळलेल्या पाण्यानं कास धुऊन घ्यायची. चतुराबाई हसायची. "बाई, माझ्या लग्नात मला बी एवढं न्हाऊ घातलं नव्हतं."

आणि मार्च सरता सरता तो सव्वा महिना आला.

दोन दिवस अपर्णानं पिशवीच्या दुधावर काढले. तिसऱ्या दिवशी गॅलरीतून बघते तर रस्त्याच्या कडेचा चहाटपरीवाला वाड्यावरून दुधानं भरलेली किटली घेऊन चाललेला! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे विटाळ फक्त माझ्या लेकराला? टपरीला चालतं? भाव वाढवायचा असेल, दुसरं काय. सरळ तोंडानं मागायचं सोडून देवाधर्माचं नाव पुढे करायचं. त्या दिवशी केतकीनं पिशवीचं दूध ओकून टाकलं आणि संध्याकाळी पुन्हा जुलाब. झालं, अपर्णाचं ठरलं.

कॉलनीच्या मागच्या भिंतीला एके ठिकाणी विटा निसटून भगदाड पडलं होतं. दुपारी चतुराबाई सावलीला लवंडली की भामा तिथं पाण्याला यायची. बांधकामाचा नळ होता. एकोणीस वर्षांची असेल. सहावा महिना दिसत होता. अपर्णानं तिला गाठलं.

"भामा, इथून एक फुलपात्र दूध देशील का? पोरीला दुसरं काही पचत नाही गं."

"नको वैनी. आत्याबाईला कळलं तर मला जिती ठेवायच्या न्हाईत."

"कसं कळेल? मी काय दवंडी पिटणार आहे?" आणि अपर्णानं पिशवीतून केतकीची लोकरीची पिवळी टोपी काढली. तिनं स्वतः विणलेली, गोंड्याची. "ही घे. तुझ्या बाळाला."

भामानं टोपी मुठीवर चढवून बघितली. गोंडा हलवला. हसली. दुसऱ्या दिवसापासून भगदाडातून फुलपात्र रिकामं जायचं आणि भरून यायचं. अकरा दिवस हे चाललं; सवयीनं ती कॅलेंडरच्या चौकोनात रोज एक बारीक खूण करायची. श्रीकांतला सांगितलं नाही. तो बोलघेवडा, कुठंतरी बोलून गेला असता. सासूबाईंना लिहिलं, 'धारोष्ण चालू आहे.'

त्या अकरा दिवसांतच एकदा गॅलरीतून अपर्णानं पाहिलं : एक शेळी आडवी पडलेली, आणि भामा तिच्या मागं बसून कोपरापर्यंत हात भरवून काहीतरी ओढून काढतेय. मेलेलं करडू होतं. चतुराबाई कुठूनशी धावत आली आणि सुनेवर अशी काही ओरडली की कुत्रंसुद्धा बाजूला झालं. मग सासूनं ते करडू, त्याच्यामागून पडलेला जार, म्हणजे वार, खालची माती, सगळं खरवडून तळ्याच्या कोपऱ्यात खड्ड्यात पुरलं, वर चुलीतली राख ओतली, काटे टाकले. इकडेतिकडे बघत. निदान अपर्णाला तरी तसं वाटलं. काय लपवताहेत एवढं? तिनं त्या तारखेलाही खूण करून ठेवली.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात केतकीला ताप आला.

संध्याकाळी दिवेलागणीला अंग तापायचं, घामानं झबलं ओलं व्हायचं, सकाळी पोर पुन्हा खेळायला लागायची. चार दिवस गेले, सहा गेले. उभं धरलं की पाय टेकवेना, रडायची. श्रीकांतनं स्कूटर काढली आणि तासाभराची वाट तुडवून हिमायतनगरच्या मोठ्या बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. बाहेर पन्नास पोरं. डॉक्टरांनी पोट दाबलं, घसा पाहिला, आणि कागदावरून मान वर न करता विचारलं, "बाहेरचं कच्चं दूध वगैरे?"

"छे!" अपर्णा म्हणाली. "आमच्याकडे पाणीसुद्धा वीस मिनिटं उकळतं."

पाण्याचं खरंच होतं. तिनं तेवढंच उत्तर दिलं. शेजारी श्रीकांत होता, त्याच्या लेखी शेळीचं दूध मार्चमध्येच बंद झालेलं; समोर डॉक्टर होते, मागं रांग होती. त्या सगळ्यांपुढे भिंतीचं भगदाड आणि पिवळी टोपी कुठून काढणार? हल्ली तर दूध बंदच आहे, तिनं स्वतःला समजावलं. ताप सुरू झाला त्याच दिवशी तिनं ते बंद केलं होतं. का बंद केलं, हे मात्र तिनं स्वतःला विचारलं नाही.

टायफॉईड नाही. मलेरिया नाही. औषध बदललं, ताप तोच. अपर्णा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोजच्या चौकोनात तापाचा आकडा लिहायची, सकाळचा वर, संध्याकाळचा खाली. मग मन मोकाट सुटायचं. औषधाचं दुकान खोटा माल देत असेल? चतुराबाईनं दृष्ट लावली असेल? असल्या गोष्टींवर आपला विश्वास नाही, असं ती ठासून म्हणायची, आणि म्हणता म्हणता मीठ-मोहऱ्या ओवाळायची. भामानं दुधात तलावाच्या तळातलं पाणी घातलं असेल? हे मात्र तिला अगदी पटलं. गरीब माणसं, काय भरवसा.

तशात नामदेवराव आले. कॉलनीच्या सोसायटीचे सेक्रेटरी. निजामाच्या काळापासून इथलेच मराठी, सुलतान बाजारात कापडाचं दुकान, बोलण्यात अर्धी दख्खनी. हातात अर्ज.

"वैनी, ही मेंढरं म्हणजे बला हाय, बला. माशा काय, वास काय! आता तुमची बच्चीबी बीमार. सरकारी जनावरांच्या डॉक्टरला बोलावलंय. त्यानं एकदा लिहून दिलं की रोगट हैत, मग म्युनिसिपालटीवाले उठवतेत. तुमची दस्तखत पहिली पाहिजे. बीमार लेकराची आई म्हटलं की वजन पडतंय."

श्रीकांत म्हणाला, "अगं, आधी कशामुळे ते तरी कळू दे."

"तुला रोज दहा तास एसीत बसायचंय. माश्या माझ्या पोरीच्या तोंडावर बसतात." अपर्णानं सही केली. पहिली.

सही करून ती गॅलरीत आली तर खाली ऐन वैशाखात भामा घोंगडी पांघरून पडली होती. सूर्य कलला होता, घोंगडी थरथरत होती. नाटकं, अपर्णाच्या मनात आलं. सासूच्या हाताखालची कामं चुकवायला. दुसऱ्या दिवशीही तीच वेळ, तीच घोंगडी. तिसऱ्या दिवशीही. अपर्णानं घड्याळ पाहिलं, सहा वाजून गेले होते. आत केतकीचं अंग तापायला लागलं होतं.

डॉक्टर अप्पाराव आले ते जुन्या स्कूटरवरून, गमबूट घालून. निवृत्तीला आलेले, कानांवर केस असलेले तेलुगू गृहस्थ. सगळी दुपार ते वाड्यात होते. मेंढ्यांचं रक्त घेतलं, पुरलेल्या जागा पाहिल्या, चतुराबाईशी मोडक्या हिंदीत तासभर बोलले. मग नामदेवराव कागद पुढे करून उभे, तर हे कॉलनीच्या जिन्याकडे वळलेले.

"डॉक्टरसाब, जनावरां उधर हैं," नामदेवराव म्हणाले.

"जनावरांकू देख लिया. अब घरां देखना है. किसकू बुखार है?"

ते अपर्णाच्या घरी आले, बूट बाहेर काढले, केतकीच्या गुडघ्याला हळूच हात लावला. पोर किंचाळली. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं, सकाळ-संध्याकाळ, अठरा दिवसांचं.

"ये आप लिखे? बहुत अच्छा लिखे." मग खुर्चीत बसले. "अम्मा, ये बकरियां गाभ डाले बाद बच्चीकू कच्चा दूध पिलाए क्या?"

"नाही," अपर्णा म्हणाली. जनावरांचा डॉक्टर माझ्या मुलीला तपासणार? खालच्या बायकांनी काय सांगितलं असेल याला? नामदेवराव दारातच उभे होते.

अप्पारावांची नजर खिडकीतल्या फुलपात्रावर गेली आणि परत आली. "नहीं तो नहीं. लेकिन कब्बी याद आया तो मेरे दवाखाने कू आके बोलना. बड़े डाक्टरां कू पूछने का टाइम नहीं रहता. मेरेकू आदत है पूछने की. मेरे पेशंटां खुद होके कुछ बोलतेच नहीं."

नामदेवरावांच्या कागदावर त्यांनी एकच ओळ लिहिली : रक्ताचा अहवाल येईपर्यंत कळप इथून हलवू नये, म्हणजे उपचार करता येतील. नामदेवरावांनी ती वाचली आणि कागद खिशात घातला. सह्यांचा अर्ज आधीच पोचला होता. दुसऱ्या दिवशी म्युनिसिपालटीची माणसं आली, तिसऱ्या दिवशी सकाळी वाघरी गुंडाळल्या गेल्या.

निघण्याआधी चतुराबाई फाटकापाशी आली. हातात शेळी नव्हती, नुसती काठी.

"पोरगी कशी हाय?"

"ताप आहे." अपर्णाची मान खाली. सहीचं हिला कळलंय?

"दिस मावळला की चढतोय? घाम फुटतोय?"

"तुम्हाला कसं माहीत?" शब्द अपर्णाच्या तोंडातून चाबकासारखे निघाले.

"भामेला बी तसंच हाय. हाडं मोडत्यात म्हनती." चतुराबाईनं काठीवर हनुवटी टेकली. "बाई, एक खरं सांगा. भामेनं तुम्हाला चोरून दूध दिलं का? तिला इचारलं, न्हाई म्हनती. पर तिच्या गाठोड्यात लोकरीची टोपी घावली."

"टोपी मी अशीच दिली. बाळाला."

"आन दूध?"

"नाही."

चतुराबाईनं काठीवरची हनुवटी उचलली. मग म्हणाली, "मग बरं झालं. आमच्यात गाभडायला लागलं की सव्वा महिना कच्चं दूध कुणाच्या तोंडाला लावायचं न्हाई. हे समदं म्हाताऱ्या मान्सांनी घालून दिलेलं."

"पण टपरीवाल्याला तर देत होता!" अपर्णा बोलून गेली.

"त्याचं तर दिसभर रटरटा शिजतंय की! त्याला काय हुतंय?" चतुराबाईला खरंच नवल वाटलं. "तुम्ही कच्चं पाजता म्हनून तर तुम्हालाच पयलं सांगाया आले."

अपर्णानं फाटकाची कडी उगाच लावली, पुन्हा काढली.

"आन नुसतं दूध न्हाई," चतुराबाई कॉलनीच्या भिंतीकडे, मग पलीकडच्या कंपनीच्या तारेच्या कुंपणाकडे बघत म्हणाली, "पयलं गाभडलं की त्याच दिशी वाडा उचलायचा. जिथं जार सांडला त्या रानाला बी सव्वा महिना सोडायचं, ऊन खाऊ द्यायचं. यंदा उचलून न्यायचं कुठं? हिकडं भित, तिकडं तार. येकाच जागी बसलो, म्हनून पसरलं. आता तुम्ही उठवलं. येका अर्थी चांगलंच केलं." ती हे टोचून बोलली की सरळ मनानं, ते अपर्णाला पुढे कधीच ठरवता आलं नाही.

घोडी निघाली. एकीवर भांडी, जाळी, कोंबड्यांची पाटी. दुसरीवर भामा, घोंगडीत गुरफटलेली. भगदाडासमोरून जाताना तिनं वर गॅलरीकडे पाहिलं आणि एक बोट ओठांवर ठेवलं. गप्प राहा म्हणून. कुणाला सांभाळत होती ती? स्वतःला, की अपर्णाला?

दुपारी अपर्णा कॅलेंडरवर सकाळचा आकडा लिहायला गेली आणि पेन तसंच राहिलं. तिनं पान मागं उलटलं. कच्चं दूध सुरू केलं तो दिवस. करडू पुरलं तो दिवस. दूध थांबवलं तो; तोच तापाचा पहिला. सगळं तिच्याच हातचं होतं, फक्त एकाखाली एक तिनं कधी वाचलं नव्हतं. दोन महिने ती गॅलरीत उभी राहून खालच्या माणसांवर डोळा ठेवून होती. आणि डॉक्टरांशी खोटं बोलणारी बाई याच घरात राहत होती. तिच्याकडे बघायचं राहूनच गेलं.

तिनं केतकीला कडेवर घेतलं, रिक्षा केली आणि लिंगमपल्लीच्या अलीकडचा जनावरांचा दवाखाना गाठला. बाहेर एक म्हैस सलाईन घेत होती. अप्पाराव आत चहा पीत होते.

"दिलं होतं," ती दारातूनच म्हणाली. "कच्चं. अकरा दिवस. तिच्या सासूनं नको सांगितलं होतं, तरी मी मागून घेतलं."

त्यांनी बशी खाली ठेवली. रागावले नाहीत, हेच तिला जास्त लागलं. सरकारी कागदावर त्यांनी एका तपासणीचं नाव लिहिलं. "ब्रुसेलोसिस. मेंढियां का रिपोर्ट आज सुबू आया. बकरी गाभ डालती, दूध में, जार में ये रोग रहता. अच्छा होता, बच्ची अच्छी हो जाती. लेकिन टाइम पे पकड़ना." मग खिन्न हसले. "मेरी फाइल में मेंढी है, उनकी फाइल में बच्ची है. और वो सूखे तालाब की फाइल तो किसी के पासच नहीं."

हिमायतनगरच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवरचा शिक्का बघितला आणि भुवई उचलली. "जनावरांचे डॉक्टर आता मला तपासण्या सांगणार?" पण अपर्णानं या वेळी सगळं सांगितलं, श्रीकांतच्या देखत, रांगेतल्या पन्नास आयांच्या देखत. तपासणी झाली. चिठ्ठीतलंच निघालं. सहा आठवड्यांची औषधं. पहिल्या आठवड्यातच कॅलेंडरवरचे संध्याकाळचे आकडे उतरायला लागले, आणि जूनमध्ये केतकी गॅलरीचे गज धरून उभी राहिली, न रडता.

श्रीकांत तिला एका शब्दानं बोलला नाही. फक्त एकदा म्हणाला, "मला सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं असं वाटलं तुला?" तिनं केतकीच्या औषधाचा चमचा भरला.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण त्या दिवशी दवाखान्यातून निघताना अप्पारावांनी विचारलं होतं, "वो बहू कहाँ है? नंगे हाथां से बकरी छुड़ाई ना उसने? पेट से है. उसकू भी यहीच होगा. बच्चा गिर सकता अम्मा. दवाई है, गरभवाली कू भी दे सकते. लेकिन पहले मिलना तो चाहिए."

उपचार करायला कळप इथंच थांबवा, असं त्या म्हाताऱ्यानं लिहून दिलं होतं. आणि कळप उठवायच्या अर्जावर पहिली सही कुणाची होती?

चार रविवार श्रीकांत आणि अपर्णा स्कूटरवरून हिंडले, केतकीला शेजारणीकडे ठेवून. शंकरपल्लीच्या रस्त्याला, सदाशिवपेटच्या अंगानं, पुढं जहीराबादपर्यंत. जिथं माळ म्हणून सांगितलं तिथं तार निघाली. तारेवर पाटी. कुणी म्हणालं वाडा काल इथं होता, कुणी म्हणालं बिदरकडे वळला. एका ढाबेवाल्यानं घोडीवर बसलेली पोरगी पाहिली होती. "हां, कंबल में. गर्मी में कंबल, इसलिए याद है." तिसऱ्या रविवारी एका मोकळ्या प्लॉटच्या कोपऱ्यात त्यांना चुलीचे तीन दगड सापडले. पलीकडे छोटासा मातीचा उंचवटा. वर राख, राखेवर काटे.

"शेळीचं असेल," श्रीकांत म्हणाला.

अपर्णानं उंचवट्याची लांबी नजरेनं मोजली. जवळ गेली नाही. "शेळीचंच," ती म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं एखादी गोष्ट जाणूनबुजून पडताळून बघितली नाही.

नामपल्लीच्या बाजूला मराठी मंडळींचं एक वाचनालय होतं, त्यांचा त्रैमासिक अंक निघायचा. संपादकांनी अपर्णाकडून 'लहान मुलांसाठी पौष्टिक पदार्थ' मागितले होते. देगलूर, उदगीर, बिदर, नांदेड या बाजूची माणसं तो अंक वाचतात, गावाकडे नेतात, हे तिला कळलं होतं. तिनं पदार्थ पाठवले नाहीत. हे पाठवलं :

'आपण या पावसाळ्यात किंवा दिवाळीनंतर देगलूर ते हैदराबाद या रस्त्यानं येणार-जाणार असाल, तर मेंढरांच्या वाड्यापाशी जरा थांबा. दोन घोडी, पिवळं कुत्रं, आणि एक बांडी शेळी जिचं डावं शिंग मोडलेलं आहे. चतुराबाई विचारा. तिच्या सुनेचं नाव भामा. तिला संध्याकाळी ताप येतो का, सांधे दुखतात का, एवढं बघा. ती नाही म्हणेल. दिवेलागणीपर्यंत थांबा आणि स्वतः बघा. येत असेल तर ब्रुसेलोसिसची रक्ततपासणी करून घ्यायला लावा; डॉक्टरला मेंढ्यांचं आधी सांगा, तो विचारणार नाही. औषध आहे. खर्च आम्ही करू. पत्ता खाली दिला आहे.

आणि तिच्या सासूला माझा एक निरोप सांगा. दूध भामानं आपण होऊन दिलं नव्हतं, मी मागितलं होतं. फाटकापाशी मी खोटं बोलले. सुनेला बोल लावू नका.

भामाजवळ पिवळी, गोंड्याची टोपी असेल. ती गाठोड्यात आहे की कुणाच्या डोक्यावर आहे, तेही बघा. बघून मला कळवा.'